बॉल नसतानाचा खेळ

दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम, ६ ऑक्टोबर २०१७, रात्रीचे आठ. सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात भारत विरुद्ध अमेरिका. फिफाच्या विश्वचषकात भारताचा संघ पहिल्यांदाच उतरत होता आणि त्या संघाच्या आघाडीला होता कोल्हापूरचा अनिकेत जाधव. रिक्षाचालकाचा मुलगा, वय सतरा. भारताने सामना ०-३ असा गमावला. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात चहाच्या गाड्यांवर आणि तालमींच्या कट्ट्यांवर हरल्याचं दुःख फारसं नव्हतं. अमेरिका कुठं, आपण कुठं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. बोलणं चाललं होतं ते आपल्या पोराबद्दल. पोरगं चांगलंय, पण कुठं दिसलंच नाही, असं एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं लगेच उसळायचं, की दिसणार कसं, बॉल द्यायला पाहिजे की त्याला!

कोल्हापूरच्या फुटबॉलवेड्या माणसाचं सगळं प्रेम या बोलण्यात आहे आणि त्याच्या पाहण्यात काय राहून जातं तेही यातच आहे. एखादा गुणी मुलगा खेळाडू म्हणून घडत असतो तेव्हा त्याच्यासोबत त्याचं गावही काहीतरी शिकत असतं, निदान शिकायला हवं. म्हणून अनिकेतचा खेळ आणि त्या खेळाबद्दल गावात होत आलेली चर्चा, या दोन्ही गोष्टी मला शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या आहेत.

आधी ती दिल्लीची रात्र. पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मातोस तेव्हा भारताचे प्रशिक्षक होते. समोरचा संघ उंचीने, ताकदीने आणि अनुभवाने वरचढ आहे हे ओळखून त्यांनी आपला संघ मागे खेचून बचावाला बसवला होता. अशा आखणीत पुढे एकच माणूस उरतो. त्याच्या आणि त्याच्या सगळ्यात जवळच्या सोबत्यामध्ये कधी कधी वीस-पंचवीस मीटरचं मोकळं मैदान पडलेलं असतं. मागून बचावपटू घाईघाईत बॉल उंच भिरकावतात. तो खाली येताना दोन धिप्पाड बचावपटू या एकट्याच्या पाठीला भिडलेले असतात. हा एकटा त्या बॉलवरून गोल करील अशी अपेक्षा त्याचा प्रशिक्षकही धरत नाही. त्याने गोलकडे धावण्याऐवजी कोपऱ्यातल्या झेंड्याकडे धावायचं. अंग आडवं घालून बॉल दोन-तीन सेकंद धरून ठेवायचा. जमलं तर फाउल मिळवायचा, नाही जमलं तर निदान समोरच्याच्या पायाला लागून बॉल बाहेर जाईल असं पाहायचं. तेवढ्या वेळात मागची दहा मुलं श्वास घेतात, पंधरा पावलं पुढे सरकतात, पुन्हा रांग धरतात.

बॉल समोरच्यांकडे असतानाही या एकट्याची सुटका नाही. एका बचावपटूकडून दुसऱ्याकडे जाणारा सोपा पास तोडायचा म्हणून तो सरळ न धावता वळसा घेऊन धावतो. त्या वळशामुळे मैदानाची एक बाजू बंद होते आणि समोरच्या संघाला आपल्याला हव्या त्या बाजूनेच यावं लागतं. नव्वद मिनिटं हे करायचं आणि त्यातलं काहीही गुणफलकावर उमटत नाही. अनिकेतच्या वाट्याला त्या रात्री आलं होतं ते हे काम. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे असतो, म्हणून यातलं निम्मं पडद्यावर आलंच नाही. उरलेलं पडद्यावर आलं, पण आपण बॉलकडे बघत होतो.

त्याच सामन्यातली सगळ्यांना आठवते ती घटना कोमल थटालची. सिक्कीमच्या या मुलाने आदल्या वर्षी गोव्यात ब्राझीलच्या संघावर गोल केला होता. अमेरिकेविरुद्ध उत्तरार्धात तो गोलरक्षकासमोर मोकळा सुटला. त्याने बॉल अलगद उचलून गोलरक्षकाच्या डोक्यावरून टाकायचा प्रयत्न केला आणि तो आडव्या खांबावरून गेला. पुढच्या सामन्यात त्याला सुरुवातीच्या अकरांत जागा मिळाली नाही. चाहते भडकले. ज्याच्या पायात कला आहे त्यालाच बसवलं, असा सूर होता. त्या रागात चूक काही नव्हती. पण मैदानावर जे दिसतं त्यावरच आपलं प्रेमही ठरतं आणि रागही, हे मला त्या वादात लख्ख दिसलं.

कोल्हापूरच्या प्रेक्षकाची ही नजर कुठून आली, ते शाहू स्टेडियमवर कळतं. पावसाळा सोडला की इथं हंगाम सुरू होतो आणि उन्हाळा संपेपर्यंत चालतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग होते, मग एकामागून एक चषक. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी. यातल्या कितीतरी संघांच्या नावात ‘तालीम’ हा शब्द आहे, कारण ते संघ तालमींतूनच उभे राहिले. पेठेचा झेंडा, पेठेची जागा ठरलेली. आजोबा ज्या पायरीवर बसायचे त्या पायरीवर नातू बसतो. भारतातल्या अनेक शहरांत व्यावसायिक सामन्यांना खुर्च्या भरत नाहीत आणि इथं स्थानिक संघांच्या सामन्याला हजारो माणसं तिकीट काढून येतात. विश्वचषक आला की गल्लीगल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. या गावाच्या फुटबॉलप्रेमाबद्दल शंका घ्यायला जागाच नाही.

पण हे स्टेडियम कशावर पेटतं? कडेने दोघांना चकवून पोरगं आत घुसलं की. लांबून हाणलेला बॉल जाळीत गेला की. गोलरक्षकाने झेप घेतली की. त्यावेळी जो आवाज उठतो तो ऐकायला माणसानं एकदा तरी कोल्हापूरला यावं. आणि कशावर आवाज उठत नाही? मध्यफळीतला एखादा खेळाडू समोरच्याचा डाव आधीच ओळखतो, चार पावलं मागे येऊन मोकळी जागा भरतो आणि तो हल्ला सुरूच होत नाही. न झालेल्या हल्ल्याला टाळ्या कशा पडणार?

इथं मध्यफळीच्या खेळाकडे थोडं जवळून पाहू. नॉर्वेचे संशोधक गेइर यॉर्देत यांनी वर्षानुवर्षं एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला आहे. बॉल आपल्याकडे यायच्या आधीच्या काही सेकंदांत खेळाडू मान वळवून आजूबाजूला किती वेळा पाहतो, ही ती गोष्ट. त्यांनी सामन्यांची चित्रणं तपासली आणि जे मधले खेळाडू अशी नजर जास्त वेळा टाकतात त्यांचे पास जास्त वेळा साथीदाराकडे पोचतात, असं त्यांना आढळलं. चेल्सीचा फ्रँक लॅम्पार्ड हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. त्याची मान सतत फिरत असायची. बॉल येण्याआधीच त्याच्या डोक्यात मैदानाचं चित्र तयार असायचं. मग पहिला स्पर्शही बदलतो. जवळच्या पायाने बॉल थांबवण्याऐवजी लांबच्या पायावर घ्यायचा, कंबर अर्धी वळलेली ठेवायची, म्हणजे त्या एकाच स्पर्शात खेळाडू समोरच्या गोलकडे तोंड करून उभा राहतो. मागून आलेला प्रतिस्पर्धी तोवर एक पाऊल मागे पडलेला असतो. झटापट होत नाही, ड्रिबल होत नाही, काही घडलंय असंही वाटत नाही. बॉल आला आणि गेला, एवढंच.

आता आपल्याकडचं चित्र पाहा. पोराच्या पायाशी बॉल येतो, तो थांबवतो, मग मान वर करतो. तेवढ्या अर्ध्या सेकंदात दोघं अंगावर आलेले असतात. आता सुटायचं तर ड्रिबल करावंच लागतं. तो एकाला चकवतो, दुसऱ्याला चकवतो, स्टेडियम उभं राहतं. म्हणजे ज्या अडचणीत जाणता खेळाडू पडलाच नसता, तिच्यातून सुटण्याला आपण सगळ्यात मोठी दाद देतो. पोरं हुशार असतात. कशाला दाद मिळते ते त्यांना बरोबर कळतं आणि ती तसंच खेळायला शिकतात. यात पोरांना दोष देऊन चालणार नाही. मैदान खडबडीत असेल तर नजर बॉलवरून हटवणं परवडतच नाही. बॉल कुठल्या खड्ड्यावरून कसा उसळेल याचा भरवसा नसतो, म्हणून मान खालीच राहते. सपाट मैदान ही चैन नाही, ती मान वर करायची सोय आहे.

अनिकेत लहान वयातच कोल्हापूर सोडून पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. राज्य सरकारची ही योजना गुणी मुलांना निवडून राहणं, शिक्षण आणि प्रशिक्षण एकाच ठिकाणी देते. तिथून पुढे राष्ट्रीय संघाच्या शिबिरात. त्यामुळे तो घडताना गावानं पाहिला तो बहुतेक टीव्हीवरच. पेठेतली पोरं रोज सरावाला दिसतात, त्यांचं बरंवाईट रोज कळतं. हा मात्र सहा महिन्यांनी एकदा पडद्यावर दिसायचा आणि त्या नव्वद मिनिटांवर त्याच्या सगळ्या वाटचालीचा निकाल लागायचा. चाहत्यांच्या मतांमधला टोकाचा चढउतार मला यातून उलगडतो.

त्याच्याबद्दल गावात तीन मतं सतत ऐकू येत. पहिलं मत म्हणजे पोरगं स्ट्रायकर आहे, त्याला पुढंच ठेवा. या मताला आधार आहे. विश्वचषकानंतर त्या मुलांना एकत्र ठेवून खेळवायचं म्हणून भारतीय फुटबॉल महासंघाने इंडियन ॲरोज हा संघ आय-लीगमध्ये उतरवला. २९ नोव्हेंबर २०१७ ला गोव्यात बांबोळीला त्यांचा पहिला सामना झाला आणि या पोरांनी चेन्नई सिटीला ३-० असं हरवलं. त्यातले दोन गोल अनिकेतचे. दिल्लीच्या त्या रात्रीला दोन महिनेही झाले नव्हते. आता दिसला की नाही, असं म्हणत त्याचे चाहते छाती पुढे काढून फिरले आणि त्यांनी तसं फिरणं योग्यच होतं. पण तोच हंगाम ॲरोजने तळाला राहून संपवला. व्यावसायिक, पोक्त खेळाडूंशी आठवड्यामागून आठवडे भिडताना मुलांना काय शिकावं लागतं, ते त्या हंगामाने दाखवलं.

दुसरं मत म्हणजे त्याला कडेनं पळवा. वेग आहे, दम आहे, समोरच्याला दमवील. या मतामागे खेळाच्या समजेइतकंच व्यवहाराचंही भान आहे. इंडियन सुपर लीगमधले बहुतेक क्लब गोल करण्याची जबाबदारी परदेशी खेळाडूवर टाकतात. मग भारतीय आघाडीवीराला कडेला सरकावं लागतं. सुनील छेत्रीसारखा खेळाडूही बंगळुरूकडून कितीदा डावीकडून खेळला. जिथं छेत्री सरकला तिथं विशीतल्या मुलानं आडमुठेपणा करून काय मिळवायचं?

तिसरं मत थोड्यांचं, पण ते मला सगळ्यात विचार करायला लावणारं वाटतं. त्याला आत आणा, मधे खेळवा, म्हणजे बॉलही मिळेल आणि डोकंही चालेल. हे म्हणणारे बहुधा स्वतः कधीतरी हाफमध्ये खेळलेले असतात.

या तिन्ही मतांत जागेवर भर आहे. घडण मात्र जागेत मोजून कळत नाही. एकट्या आघाडीवीराची जागा पाठीवर माणूस घेऊन बॉल धरायला शिकवते. कडेची जागा शिस्त शिकवते, कारण तिथं आपल्या मागच्या बचावपटूला उघडं पाडून चालत नाही. आत येऊन खेळणं नजर शिकवतं. हे तिन्ही धडे ज्याच्या अंगात उतरतात तो खेळाडू कुठल्याही जागी उपयोगी पडतो. अनिकेतच्या वाटचालीत हे धडे एकामागून एक आले आणि आपण मात्र प्रत्येक वेळी त्याची जागा का बदलली यावर भांडत बसलो.

२०१९ च्या सुरुवातीला तो ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेला. १९९४-९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला हा क्लब २०१० पासून पुण्याच्या व्यंकीज उद्योगसमूहाकडे आहे. गावात वाटलं, पोरगं आता तिकडंच खेळणार. तो परतला तेव्हा काहींचा हिरमोड झाला. प्रशिक्षणाला गेलेला मुलगा शिकून परत आला, यात हिरमोड व्हावं असं काय होतं? पण आपल्याला पायऱ्या दिसत नाहीत, थेट शिखरच हवं असतं. पुढे तो जमशेदपूरकडून सुपर लीगमध्ये खेळू लागला आणि २०२१-२२ च्या हंगामात हैदराबादकडे आला.

त्याच्या खेळाचं मला सगळ्यात भावलेलं रूप त्या हंगामातलं आहे. स्पेनचे मानोलो मार्केझ प्रशिक्षक होते. पुढे नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओग्बेचे, ज्याने त्या हंगामात १८ गोल केले. मागे दोन्ही बाजूंना आकाश मिश्रा आणि आशिष राय, दोघंही धावत वर येणारे बचावपटू. अशा संघात कडेच्या खेळाडूचं काम फार नाजूक असतं. बॉल दुसऱ्या बाजूला असताना त्याने रेषेला चिकटून राहायचं, म्हणजे समोरची बचावफळी ताणली जाते. बॉल आपल्या बाजूला आला की आत सरकायचं, म्हणजे मागून येणाऱ्या बचावपटूला रेषेलगतची वाट मोकळी होते. तो वर गेला आणि बॉल हरवला तर त्याच्या जागी धावत परत यायचं. ओग्बेचेच्या अंगावर दोघं बचावपटू आहेत हे पाहून त्यांच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत शिरायचं, आणि दहातल्या आठ वेळा तिथं बॉल येणारच नाही हे ठाऊक असूनही शिरायचं. कारण त्या शिरण्यामुळे एक बचावपटू ओग्बेचेला सोडून याच्यामागे येतो.

सतरा वर्षांच्या मुलाने दिल्लीत एकट्याने केलेली ती वांझ वाटणारी धावाधाव इथं फळाला आलेली दिसते. बॉल न मिळताही धावायचं, ही सवय त्याच्या पायात तेव्हाच शिरली होती. आता त्या धावण्याला सोबत मिळाली होती. २४ जानेवारी २०२२ ला हैदराबादने ईस्ट बंगालला ४-० असं हरवलं. तीन गोल ओग्बेचेचे आणि पूर्वार्ध संपता संपता झालेला एक गोल अनिकेतचा. गावात त्या गोलाची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी. मला मात्र त्या हंगामातल्या त्या धावा पुन्हा पुन्हा पाहाव्याशा वाटतात ज्यांच्या शेवटी बॉल भलत्याकडेच गेला.

कोरोनामुळे तो सबंध हंगाम गोव्यात, रिकाम्या स्टँडसमोर खेळला गेला. अनिकेतचा खेळ सर्वांत पक्व झाला त्या महिन्यांत त्याच्यासमोर प्रेक्षकच नव्हते. याचा अर्थ प्रेक्षक नकोत असा नाही. पण आपल्या आरोळ्यांवाचूनही खेळाडू घडत असतो आणि कदाचित त्या नसतात तेव्हा त्याला टाळीचा मोह सोडून सोपा पास देणं सोपं जातं, हे आपण स्वतःशी कबूल करायला हरकत नाही.

२० मार्च २०२२ ला फातोर्ड्याला अंतिम सामना झाला तेव्हा मात्र स्टेडियम भरलेलं होतं. समोर केरला ब्लास्टर्स. त्यांच्या संघात २०१७ च्या विश्वचषकातले अनिकेतचे काही सोबती होते, त्यांतलेच राहुल के. पी. आणि जिक्सन सिंग. राहुलने पहिला गोल केला. सामना संपायला थोडा वेळ उरलेला असताना गोव्याच्या साहिल तावोराने हैदराबादला बरोबरी साधून दिली. मग टायब्रेकर. गोव्याचाच लक्ष्मीकांत कट्टीमणी गोलमध्ये भिंतीसारखा उभा राहिला आणि हैदराबादने पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं.

त्या टायब्रेकरमध्ये जिक्सनचा फटका कट्टीमणीने अडवला. हा तोच मणिपूरचा जिक्सन, ज्याने ९ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर हेडर मारून फिफा विश्वचषकातला भारताचा पहिला गोल केला होता. ८२ वं मिनिट होतं. सगळं स्टेडियम नाचत होतं, पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. खेळ पुन्हा सुरू झाला आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने गोल करून १-२ असा सामना फिरवला. भारतीय फुटबॉलमधल्या घडणीचा सगळ्यात मोलाचा धडा मला त्या एका मिनिटात दिसतो. गोल कसा करायचा ते त्या मुलांना कळलं होतं. गोल केल्यानंतरचं मिनिट कसं खेळायचं ते कळायला अजून वर्षं लागणार होती. जिक्सन पुढे भारताच्या मध्यफळीतला भरवशाचा खेळाडू झाला तो त्या मिनिटातून शिकूनच. अंतिम सामन्यातला चुकलेला फटका त्याची किंमत कमी करीत नाही.

त्या अंतिम सामन्यानंतर तीनच दिवसांनी बहारीनमध्ये अनिकेतने भारताच्या मुख्य संघाकडून पदार्पण केलं. भारत १-२ असा हरला. भारताचा गोल मुंबईच्या राहुल भेकेने केला. कोल्हापूरला वाटलं, आता पोरगं कायमचं आत. तसं झालं नाही. क्लब बदलले, कधी अकरांत, कधी बाकावर. मग पुन्हा तीच वाक्यं कानावर आली, की कुठं दिसत नाही.

हे ऐकून माझं मन दुखतं, कारण अशी घाई या मातीच्या स्वभावातच नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं, त्या गावाला सबुरी शिकवायची गरज नसावी. कुस्तीत दहा-दहा मिनिटं खडाखडी चालते. कुणी पडत नाही, कुणी पाडत नाही. तरी मैदानातला जुना माणूस डोळे लावून बसलेला असतो. मानेवर वजन कुणाचं पडतंय, पाय कुणाचा मागे सरकतोय, दम कुणाचा भरतोय हे तो वाचत असतो. शेवटी ढाक लागो की एकलंगी, तो डाव आधीच्या दहा मिनिटांत कमावलेला आहे हे त्याला माहीत असतं. हीच माणसं, याच तालमी, हेच कट्टे. खासबागेत जी नजर घेऊन आपण बसतो ती शाहू स्टेडियमच्या दारात ठेवून आत का जावं?

आणि सबुरीचं फळ आपण चाखलंही आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि २०२४ मध्ये पॅरिसला त्याने नेमबाजीत ऑलिंपिक कांस्यपदक जिंकलं. मधली पंधरा वर्षं कुणाला फारशी दिसली नव्हती. मिरवणुकीत मात्र सगळं कोल्हापूर लोटलं. अनिकेतच्याच विश्वचषक संघातल्या अन्वर अलीचं उदाहरण घ्या. हृदयाच्या आजारामुळे त्याचं खेळणंच थांबणार होतं. तो न्यायालयात गेला, छोट्या क्लबातून पुन्हा उभा राहिला आणि भारताचा बचाव सांभाळू लागला. घडण सरळ रेषेत जात नाही. ती थांबते, वळसा घेते, कधी मागेही येते.

चाहत्यांनी टीका करू नये असं मी म्हणणार नाही. टीका ही प्रेमाचीच बाजू आहे आणि ज्या गावाला आपल्या खेळाडूचा राग येत नाही त्या गावाला त्याची पर्वाही नसते. माझं मागणं वेगळं आहे. टीका करायची तर जे पाहिलं त्यावर करावी. पास चुकला, हे पाहा. पण तो पास द्यायच्या आधी त्याने मान वळवली होती का, तेही पाहा. गोल चुकला, हे पाहा. पण त्या जागी तो पोचला कसा, तेही पाहा. मध्यफळीतलं पोरगं गुमान खेळतंय म्हणून कंटाळू नका. त्याच्या बाजूने हल्ला झालाच नाही, याचा हिशेब मांडा.

अनिकेतच्या मागोमाग कोल्हापुरात शाळाशाळांतून बारा-तेरा वर्षांची कितीतरी मुलं मैदानात उतरली आहेत. त्यांच्यातला एखादा मधे खेळणारा असेल, शांत डोक्याचा, बॉल आला की एका स्पर्शात सोडणारा. आज तो पेठेच्या संघात उतरला तर पहिल्या दहा मिनिटांत स्टँडमधून आवाज येईल, अरे घेऊन पळ की! तो आवाज ऐकून तो पळायला लागला, तर आपण एक चकवणारा खेळाडू मिळवू आणि एक खेळवणारा गमावू. कोल्हापूरकडे चकवणारे पुष्कळ आहेत.

म्हणून येत्या हंगामात शाहू स्टेडियमवर गेलात तर एकदा करून पाहा. सामन्यातली दहा मिनिटं बॉलकडे बघायचंच नाही. मध्यफळीतला एकच खेळाडू निवडायचा आणि डोळे त्याच्यावर ठेवायचे. तो कुठं उभा राहतो, कुणाला हाताने खुणावतो, किती वेळा मागे वळून पाहतो, बॉल त्याच्यापासून लांब असताना त्याचे पाय काय करतात. त्याने चार पावलं मागे येऊन एखादी जागा भरली की शेजाऱ्याला कोपराने ढोसून सांगा आणि टाळी वाजवा. सुरुवातीला लोक तुमच्याकडे बघतील. पण कोल्हापूरच्या स्टँडमध्ये एक टाळी वाजली की दुसरी वाजायला वेळ लागत नाही. आणि ज्या दिवशी तशा टाळ्या हजारांनी वाजतील, त्या दिवसापासून या गावातून मध्यफळीचे खेळाडू घडू लागतील, कारण पोरं टाळीच्या दिशेनेच वाढतात.